शिकेकाई, रिठा आणि वऱ्हाडचे पाणी

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागांत, विहिरीच्या पाण्याने डोके धुतले की केस राठ आणि चिकट होतात, ही तक्रार फार जुनी आहे. अमरावती शहराला अप्पर वर्धा धरणाचे आणि अकोल्याला काटेपूर्णा प्रकल्पाचे पाणी मिळते, त्यामुळे शहरात हा त्रास तुलनेने कमी. परंतु उन्हाळ्यात नळाला दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा पाणी आले की शहरातल्या घरांतही बोअरवेलचा पंप सुरू होतो. काळ्या पाषाणातून उपसलेल्या त्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात, तर खारपाणपट्ट्यातील पाण्यात सोडियमच्या क्षारांचा भर असतो. शॅम्पूला सौम्य पर्याय शोधताना म्हणूनच आधी बादलीतले पाणी पाहावे आणि मग केसांचा प्रकार.

जड पाण्यात साबण लावला की त्यातील स्निग्धाम्लांचा कॅल्शियमशी संयोग होऊन न विरघळणारा पांढरट साका तयार होतो. तो केसांवरच बसतो, आणि कितीही तांबे ओतले तरी पुरता निघत नाही. शिकेकाई आणि रिठा यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यातील फेस आणणारा घटक म्हणजे सॅपोनिन. तो साबणासारखा साका धरत नाही. शिवाय शिकेकाईचे पाणी किंचित आम्लधर्मी असते आणि डोक्याची त्वचाही तशीच असते, त्यामुळे केसांवरील खवले मिटून राहतात. येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. ‘शिकेकाई’ असे नाव छापलेली वडी बहुधा साबणच असते. शिकेकाई त्यात नावापुरती. खाऱ्या पाण्यात ती इतर कोणत्याही साबणासारखीच वागणार.

शिकेकाईची पूड करण्यापेक्षा शेंगांचा काढा करावा. खांद्यापर्यंत केस असल्यास आठ-दहा शेंगा, दोन-तीन रिठे आणि मूठभर आवळकाठी घ्यावी. शेंगा व रिठे फोडून बिया काढून टाकाव्यात आणि सर्व रात्रभर लिटरभर पाण्यात भिजत घालावे. सकाळी मंद आचेवर उकळून, निवल्यावर हाताने कुस्करून मलमलच्या कापडातून गाळावे. पूड थेट डोक्याला चोळल्यास तिचे कण दाट केसांत अडकून राहतात आणि मग कोंडा झाल्याचा भास होतो. लोखंडी कढईत उकळल्यास आवळ्यातील टॅनिन व लोह मिळून काढा काळाभोर होतो. पांढरे केस दिसू लागलेल्यांना तो आवडतो, पण रंग पक्का बसत नाही आणि टॉवेलला डाग मात्र पडतात. हा काढा शीतकपाटात दोन-तीन दिवसच टिकतो. आंबूस वास आला की फेकून द्यावा.

नैसर्गिक म्हणजे सौम्यच, हा समज मात्र सोडलेला बरा. रिठ्याचा फेस भरपूर आणि त्याचा मळ काढण्याचा जोरही तसाच. याच रिठ्याने सराफ दागिने उजळतात आणि घरोघरी रेशमी साड्या धुतल्या जातात. रात्री भरपूर तेल थापून सकाळी ते काढायचे झाले तर रिठा वाढवावा लागतो, आणि मग केस कोरडे पडल्याची तक्रार होते. त्यापेक्षा धुण्याआधी तासभर, बोटांच्या टोकांनी लावण्यापुरतेच तेल घ्यावे. डोळ्यांत रिठ्याचे पाणी गेल्यास नुसती चुरचुर होऊन भागत नाही, बुबुळाला इजाही होऊ शकते. डोळे लगेच स्वच्छ पाण्याने धुवावेत आणि लहान मुलांसाठी रिठा वापरूच नये.

तेलकट केसांना वरील काढा आठवड्यातून दोनदा पुरतो. त्यात रिठा एखाद-दुसरा अधिक चालेल. मुलतानी मातीचाही अशा केसांना उपयोग होतो. गंमत अशी की पावसाळ्यात पायाला चिकटून निघता निघत नाही ती आपली कपाशीची काळी माती आणि ही विकत आणलेली माती, दोन्हींतली चिकण एकाच स्वभावाची: पाणी पिऊन फुगणारी, तेल शोषणारी. खेड्यांतील जुन्या बायका काळ्या मातीने डोके धूत, त्यामागे हाच गुण होता. आज मात्र तसे करू नये. शेतातल्या मातीत खते आणि कीटकनाशके मुरलेली असतात, आणि धनुर्वाताचे जंतूही मातीतच राहतात.

कोरड्या व रंगवलेल्या केसांना रिठा आणि माती दोन्ही वर्ज्य मानावी. त्यांच्यासाठी जास्वंदीची पाने उत्तम. पंधरा-वीस पाने पाण्यात चोळली की बुळबुळीत रस सुटतो. तो गाळून त्यात थोडे शिकेकाईचे पाणी घालावे. फेस येत नाही म्हणून केस स्वच्छ झाले नाहीत असे वाटते, पण दोन-तीनदा वापरल्यावर मन सरावते. भिजवून वाटलेली मेथीही याच कामाची, फक्त तिचा वास दिवसभर सोबत करतो.

कुरळ्या केसांची गाठ खाऱ्या पाण्याशी पडली की विंचरणे ही शिक्षाच होते. अशा केसांसाठी वऱ्हाडाला दूर जावे लागत नाही. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, तोच जवस दोन चमचे घेऊन पेलाभर पाण्यात उकळावा. पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखे घट्ट होऊ लागताच, गरम असतानाच गाळून घ्यावे. निवल्यावर गाळू गेल्यास सगळा गोळा कापडातच राहतो. धुतलेल्या ओल्या केसांना हा गर हलक्या हाताने लावून मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता सोडवावा.

खाण्याचा सोडा आणि लिंबू यांचा प्रयोग अनेक जण सुचवतात. सोडा अल्कधर्मी असतो, त्याने केसांचे खवले उघडतात आणि केस तुटतात. खारपाणपट्ट्यातील पाण्यात सोडियमचे क्षार मुळातच काठोकाठ असताना वरून सोडा घालण्यात काय अर्थ? लिंबू उपयोगी आहे, पण तांब्याभर पाण्यात चमचाभर रस, तोही शेवटच्या पाण्यात आणि लगेच साध्या पाण्याने धुऊन टाकण्यासाठी. लिंबाचा रस कपाळावर व मानेवर राहून त्यावर ऊन पडले तर त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग उरतात, आणि अकोल्याचे मे महिन्यातले ४५ अंशांचे ऊन कसे असते हे निराळे सांगायला नको. त्यापेक्षा ताकाची निवळ बरी.

शक्य असेल तिथे शेवटचे दोन तांबे गोड्या पाण्याचे घ्यावेत. पावसाळ्यात पहिल्या एक-दोन सरींनी छत धुतले गेल्यावर साठवलेले पाणी यासाठी सर्वांत चांगले. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी काटकसर म्हणून न्हाणीघरात नेण्याची पद्धत अनेक घरांत आहे. फरशी पुसायला ते ठीक. त्यात क्षार आणखी एकवटलेले असतात, तेव्हा डोक्यावरून ते घेऊ नये.

कोंड्यावर घरगुती उपाय मर्यादितच चालतात. त्यामागे बहुधा त्वचेवरची एक सूक्ष्म बुरशी असते आणि ती तेलावर पोसली जाते, म्हणून ‘कोंडा झाला, तेल लाव’ हा आजीचा सल्ला येथे उलटतो. महिनाभरात फरक न पडल्यास डॉक्टरांनी दिलेला औषधी शॅम्पू वापरण्यात कमीपणा नाही.

केस गळणे हा त्याहून निराळा विषय. शिकेकाईने केस उगवत नाहीत आणि शॅम्पूने टक्कल पडत नाही. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत काही दिवसांतच अनेकांच्या डोक्यावरचे केस हातात येऊ लागले. पहिला संशय शॅम्पूवर आणि पाण्यावर गेला. पाण्यात नायट्रेट व क्षार प्रमाणाबाहेर आढळलेही. पुढे विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासणी करून, रेशनच्या गव्हातील अतिरिक्त सेलेनियम हे कारण असल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडले. म्हणजे त्यांच्या मते दोष न्हाणीघरात नव्हता, स्वयंपाकघरात येणाऱ्या धान्यात होता. तापानंतर, बाळंतपणानंतर किंवा रक्तातील लोह घटल्यानेही केस गळतात. केस पुंजक्यांनी जाऊ लागले किंवा एकाच घरातील अनेकांचे जाऊ लागले, तर काढा उकळत बसू नये. त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे, आणि जाताना घरातले पाणी कुठले व धान्य कुठले हेही न विसरता सांगावे.