भावाभावांचे वैर आणि होसकोटे

प्लुटार्क या ग्रीक लेखकाने थोरांची चरित्रे जोडीजोडीने मांडली. आज आपणही दोन जोड्या शेजारी ठेवू. पहिली इराणची, दुसरी आपली. दोन्हीकडे भाऊ एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते. शेवट मात्र वेगळा झाला. का, ते पाहायचे आहे.

इ. स. पू. 404 मध्ये इराणचा सम्राट दुसरा दारयवहू वारला. थोरला मुलगा दुसरा अर्तक्षत्र गादीवर आला. धाकटा कुरुश आशिया मायनरचा कारभारी होता. त्याच्यावर भावाच्या खुनाच्या कटाचा आळ आला. आई परिसातिसने रदबदली करून त्याला वाचवले. पुढे त्याने दहा हजारांहून अधिक भाडोत्री ग्रीक सैनिक जमवले आणि इ. स. पू. 401 मध्ये बॅबिलोनजवळ कुनाक्सा येथे भावाला गाठले. ग्रीकांनी आपली बाजू जिंकली, पण कुरुश थेट भावावर धावून गेला आणि मारला गेला. या सैन्यात असलेल्या झेनोफोनने ही हकीकत लिहून ठेवली आहे.

आता आपल्याकडे या. बेंगळुरूच्या पूर्वेला होसकोटे आहे. कन्नडमध्ये 'होस' म्हणजे नवे, 'कोटे' म्हणजे किल्ला. 1638 मध्ये विजापूरकरांनी बेंगळुरू जिंकले आणि हा सारा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत आला. 1664 मध्ये शहाजीराजे वारले. कर्नाटकातली दौलत धाकटे, सावत्र पुत्र व्यंकोजीराजे यांच्या हाती राहिली. पुढे त्यांनी तंजावरही घेतले.

1677 मध्ये शिवाजी महाराज दक्षिणेत उतरले. वडिलार्जित दौलतीत आपला अर्धा वाटा आहे, ही त्यांची मागणी होती. कोळ्ळिडम नदीकाठी दोघे भाऊ भेटले; बोलणी जमली नाहीत आणि व्यंकोजीराजे रात्रीच निघून गेले. महाराजांनी होसकोट्यासह वडिलांच्या जहागिरीचा बराच मुलूख ताब्यात घेतला व ते परतले. त्यानंतर व्यंकोजीराजांनी महाराजांच्या तिथल्या फौजेवर हल्ला केला आणि त्यात त्यांचा पराभव झाला.

इथे सूड घेता आला असता. पण तह झाला. बखरी सांगतात की व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांनी पतीला समेटाकडे वळवले. बखरीत नोंदलेल्या 19 कलमांच्या तहनाम्यात बेंगळुरू आणि होसकोटे यांचा उल्लेख आहे: हे परगणे महाराजांनी दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिले. 'चोळीबांगडी' हा शब्द नीट समजून घ्या. माहेरच्या किंवा सासरच्या माणसांनी स्त्रीच्या खर्चासाठी, मानाने दिलेले उत्पन्न म्हणजे चोळीबांगडी. जिंकलेला मुलूख भावाला परत केला असता तर ते हार मानण्यासारखे दिसले असते. भावजयीला दिल्यामुळे देणाऱ्याचाही मान राहिला आणि घेणाऱ्याचाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दोन्ही घरांत समेट करू पाहणारी स्त्री होती. म्हणून केवळ स्वभावाने हा फरक पडला असे म्हणता येत नाही. मागणी काय होती, ते पाहा. कुरुशला अख्खे सिंहासन हवे होते. सिंहासनाची वाटणी होत नाही. एक जगला तर दुसऱ्याला जागाच उरत नव्हती. महाराजांनी मागितला तो वाटा, आणि वाटणी हा आपल्या घराघरांतला ओळखीचा व्यवहार. वाट्यावर घासाघीस होते, पंच बसतात, कमीजास्त करता येते. भांडण वाटणीच्या भाषेत मांडले गेले, म्हणून ते संपवता आले.

तरी तहाने मुलूख कायमचा टिकला असे समजू नका. 1687 मध्ये मोगलांनी बेंगळुरू घेतले आणि 3 लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांना दिले.

विचार करा: तुमच्या माहितीतले एखादे राजघराण्यातले वैर घ्या. त्यात मागणी वाटून घेण्याजोगी होती का? आधी हे ठरवा, मग कोण शूर आणि कोण दुष्ट याकडे वळा.