केसरीची वाट : गोळेश्वर ते तुंग

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला झालं आणि पुढच्याच वर्षी औरंगाबादला ‘महाराष्ट्र केसरी’चा पहिला किताब दिला गेला. तो जिंकला सांगली जिल्ह्याच्या दिनकर दह्यारींनी. आष्ट्यासारख्या कृष्णा-वारणेच्या मधल्या गावात बसून या किताबाची वाटचाल लिहायची, तर याच नावापासून सुरुवात करावी असं कुणालाही वाटेल. मी थोडं मागे जातो. किताब सुरू होण्याआधी या पट्ट्यात मोठा कोण हे कसं ठरत होतं, ते कळल्याशिवाय पुढचं नीट उमगत नाही.

जत्रेच्या फडात वजनकाटा नव्हता. दोन पोरं शेजारी उभी करायची, दंड-मांड्या बघायच्या, कोण कुठल्या तालमीचा आणि कुणाचा पट्ठा हे विचारायचं आणि जाणत्यांनी जोड लावायची. बारकी पोरं नारळावर लढायची. मग इनामाच्या कुस्त्या चढत्या क्रमानं लागत आणि दिवस कलताना पहिल्या नंबरची जोड हलगीच्या कडकडाटात आत यायची. ही शेवटची जोड बहुतेक वेळा थोराड अंगाच्या मल्लांची. लोक तिच्यासाठीच थांबलेले असत. मोठा पैलवान म्हणजे सगळ्यांत दांडगा पैलवान, हा हिशेब तिथून पक्का झाला आणि पुढं किताबांनीही तोच उचलला.

या हिशेबात न बसणारा माणूस इथंच जन्मला. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव. जन्म १५ जानेवारी १९२६ चा. अंगापिंडानं किरकोळ, पण चपळाई अशी की समोरच्याला पकड बसवू देत नसत. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट म्हणजे ५२ किलोच्या गटात उतरले आणि सहावे आले. मातीत घडलेला मल्ल तिथं पहिल्यांदाच गादीवर आंतरराष्ट्रीय नियमांनी लढत होता, हे लक्षात घेतलं तर तो सहावा क्रमांक लहान नाही. चार वर्षांनी हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. बँटमवेटमध्ये, ५७ किलोत, खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. जपानचे शोहाची इशिई आणि सोव्हिएत संघाचे रशीद ममदबेयोव यांच्याकडून ते हरले आणि कांस्यपदकाचे मानकरी ठरले. स्वतंत्र भारताचं वैयक्तिक खेळातलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. त्याच ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरचे केशव माणगावे फेदरवेटमध्ये चौथे आले. खाशाबा परतले तेव्हा शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

हे पदक कुस्तीला जितकं देणं लागतं, तितकंच वजनगटालाही. गावच्या फडात सत्तावन्न किलोच्या मल्लाला पहिल्या नंबरची जोड मिळणं अवघडच. काट्यानं त्याला त्याच्याच वजनाच्या मल्लांपुढं उभं केलं आणि तो जगात तिसरा ठरला. आपल्याकडे वजनगटाकडे बाहेरून आलेलं तंत्र म्हणून पाहिलं जातं. माझ्या मते तो बारक्या अंगाच्या मल्लाला मिळालेला न्याय आहे. मुष्टियुद्धानं हा न्याय फार आधी मान्य केला होता. तिथं हेवीवेटचा मान मोठा असला तरी फेदरवेट आणि लाइटवेटचे जगज्जेतेही घराघरांत ठाऊक असत. आपल्या मातीत तसं झालं नाही.

हेलसिंकीनंतरच्या वर्षी, १९५३ साली, मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकारानं महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. विखुरलेली मैदानं, संस्थानांचा गेलेला आश्रय, पंचांवरून होणारे तंटे, या सगळ्यावर एक संघटना बसवायची होती. शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागचं मैदान उभं केलं, मल्लांना खुराक दिला, तालमी जगवल्या. संस्थानं विलीन झाल्यावर ते छत्र गेलं. त्या पोकळीत परिषद आली. जोड लावण्याचं काम जाणत्यांच्या नजरेकडून वजनकाट्याकडे आणि गुणपत्रिकेकडे जाऊ लागलं ते या काळात.

गंमत अशी की देशाचा किताब राज्याच्या आधी आला. १९५९ साली दिल्लीत श्रीपती खंचनाळे हिंदकेसरी झाले. ते सीमाभागातल्या एकसंब्याचे, तालीम कोल्हापूरची. दुसऱ्या वर्षी, १९६० साली, शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर हिंदकेसरी झाले. १९६४ ला हा मान मिरज तालुक्यातल्या कवठेपिरानच्या मारुती मानेंकडे आला. पुनवत आणि कवठेपिरान ही दोन्ही गावं वारणेच्या पट्ट्यातली. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत या दोघांनी जे केलं, त्याला तोड नाही. आंदळकरांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य आणलं. मानेंनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. एकाच जिल्ह्यातली दोन माणसं, चार पदकं. ज्या ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात घालायला मनाई, तिथं पटात शिरून वाढलेल्या मल्लांनी पदकं आणली. आंदळकरांना १९६४ साली अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढं मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून त्यांनी जे पट्ठे घडवले, ती त्यांची याहून मोठी कमाई.

एवढ्या मोठ्या या दोघांची नावं ‘महाराष्ट्र केसरी’च्या यादीत मात्र नाहीत. राज्याचा किताब सुरू व्हायच्या आत आंदळकर देशाचे केसरी होऊन बसले होते.

आता ती यादी. दह्यारींनंतर १९६२ ला धुळ्यात भगवान मोरे. १९६३ सालापुढे विजेत्याचं नाव नाही. १९६४ ला अमरावतीत आणि १९६५ ला नाशिकला गणपत खेडकर लागोपाठ जिंकले. दोन वेळा केसरी होणारे ते पहिले. लगेच १९६६ आणि १९६७ अशी दोन वर्षं दीनानाथ सिंह यांची, एक जळगावचं आणि एक खामगावचं. उत्तर प्रदेशातून आलेला हा मल्ल कोल्हापुरात रुळला आणि महाराष्ट्राचा झाला. तालमीत गाव विचारतात ते कुणाशी जोड लावायची हे ठरवण्यापुरतं. मातीला हात लावून आत आलेला माणूस तालमीचाच होतो. १९६८ ला अलिबागला चंबा मुतनाळ, १९६९ ला लातूरला हरिश्चंद्र बिराजदार. बिराजदार लातूर जिल्ह्यातलेच, म्हणजे घरच्या मातीत जिंकले. १९७० ला पुण्यात आणि १९७१ ला अलिबागला दादू चौगुले. १९७२ ला कोल्हापुरात आणि १९७३ ला अकोल्यात लक्ष्मण वडार. १९७४ ला ठाण्यात युवराज पाटील.

स्पर्धेची ठिकाणं वाचताना मला त्या काळाचा एक मोठा विचार दिसतो. मराठवाडा, खानदेश, विदर्भ, कोकण. नवं राज्य झालं होतं आणि त्यातल्या प्रत्येक भागाच्या लोकांना आपल्या गावाजवळ केसरीची कुस्ती बघायला मिळत होती. कोल्हापूर-सांगलीकडचे मल्ल एसटीनं, रेल्वेनं तिकडं जात. राज्य एक झाल्याचं सांगणारी भाषणं तेव्हा पुष्कळ झाली असतील, पण अमरावतीच्या माणसानं दक्षिणेकडच्या मल्लासाठी टाळ्या वाजवणं हे एकत्व जास्त खरं होतं. सांगलीला ही स्पर्धा १९८४ साली आली आणि तेव्हा नामदेव मोळे केसरी झाले.

त्या पिढीतले दादू चौगुले मला सगळ्यांत जवळचे वाटतात. अर्जुनवाड्याचे, आंदळकरांच्या हाताखाली मोतीबागेत घडलेले. दोनदा महाराष्ट्र केसरी, १९७३ साली रुस्तुम-ए-हिंद आणि महान भारत केसरी, १९७४ च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक. त्यांचा मुलगा विनोद २००० साली महाराष्ट्र केसरी झाला. युवराज पाटलांनी खासबागेत आणि बिराजदारांनी बेळगावात दिल्लीच्या सतपालवर मिळवलेले विजय तर त्या काळच्या लोकांनी सणासारखे साजरे केले.

आज केसरी म्हटलं की डोळ्यांपुढं खांद्यावरची चांदीची गदा येते. मोहोळ कुटुंबाकडून मामासाहेबांच्या स्मरणार्थ ती गदा दिली जाऊ लागली १९८३ पासून. म्हणजे दह्यारी, खेडकर, बिराजदार, चौगुले या सगळ्यांचं केसरीपण त्या गदेच्या आधीचं आहे.

वजनाचा प्रश्न मात्र राहिलाच. आज केसरी गट ८६ ते १२५ किलोचा असतो. माती आणि गादी अशा दोन विभागांतले विजेते शेवटी एकमेकांशी लढतात. त्याखाली ५७ पासून ९७ किलोपर्यंतचे गट लढले जातात, पदकं दिली जातात आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलांची नावं वर्तमानपत्रात एका ओळीत उरकली जातात. खाशाबा आज असते तर त्यांना ५७ किलोचं सुवर्ण मिळालं असतं आणि केसरीच्या कुस्तीला ते प्रेक्षकांत बसले असते. ज्या जिल्ह्यांनी देशाला पहिलं वैयक्तिक पदक बारक्या गटात दिलं, तिथल्या तालमींनी तरी हा भेद पाळू नये. कुंडलसारख्या मैदानात एकसष्ट-पासष्ट किलोच्या चटपटीत जोडीला शेवटून दुसरा मान दिला, तरी पोरांना बळ येईल.

संघटनेत फूट पडली की किताबाचं काय होतं, तेही आपण पाहिलं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये दोन ‘महाराष्ट्र केसरी’ झाले. फुलगावला सिकंदर शेख, धाराशिवला शिवराज राक्षे. मुष्टियुद्धात एका वजनाचे तीन-चार जगज्जेते असतात, ती अवस्था आपल्याकडे येऊ नये असं मनापासून वाटतं. दोन्ही मल्ल तोलामोलाचे. दोष त्यांचा नाही.

त्याच २०२३ साली एक घटना मात्र निखळ आनंदाची घडली. मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. पुरुषांचा किताब सुरू होऊन बासष्ट वर्षं झाली होती. बायका कुस्ती खेळतच नव्हत्या असंही नाही. १९५४ साली हमीदा बानूंनी बडोद्यात बाबा पहेलवानाला एक मिनिट चौतीस सेकंदांत पाडलं होतं. पुण्यात त्यांची एका पुरुष मल्लाशी ठरलेली कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळं रद्द झाली होती. ऑलिंपिकनं बायकांना २००४ साली अथेन्समध्ये जागा दिली. त्यानंतरही आपल्याला एकोणीस वर्षं लागली.

पहिली महिला केसरी ठरली प्रतीक्षा बागडी. गाव तुंग, तालुका मिरज. आष्ट्याहून सांगलीला जाताना लागतं तेच तुंग. अंतिम फेरीत तिनं कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवलं. आपल्या रस्त्यावरच्या गावातली मुलगी नव्या यादीत पहिली आली, याचा मला झालेला आनंद शब्दांत पुरता उतरत नाही.

ही नवी यादी आहे म्हणून एक मागणं आहे. पुरुषांच्या जुन्या यादीत साल, ठिकाण आणि विजेत्याचं नाव एवढंच उरलं. दह्यारींच्या वजनाचा आकडा, त्यांना तयार करणारा वस्ताद, अंतिम कुस्तीत त्यांच्यापुढं उभा राहिलेला मल्ल, हे त्या ओळीत नाही. महिलांची यादी आता कुठं सुरू होते आहे. तिच्या पहिल्या ओळीत प्रतीक्षाच्या नावापुढं तुंग लिहावं, तिचा ७६ किलोचा गट लिहावा, तिच्या वस्तादांचं नाव लिहावं, आणि शेजारीच वैष्णवी पाटील, कल्याण, हेही लिहावं.