नसांच्या दुर्बलतेची गोष्ट

१९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन चीनमधील हुनान प्रांतात, चांगशा येथे, शंभर रुग्णांची तपासणी करीत होते. या सर्वांचे निदान आधीच झालेले होते: 'शन्-जिंग श्वाय-रुओ', म्हणजे नसांची दुर्बलता. डोके दुखते, झोप लागत नाही, चक्कर येते, अशा त्यांच्या तक्रारी. अमेरिकन निकष लावल्यावर यांतले ८७ जण नैराश्याचे रुग्ण ठरले. 'मन उदास असते' ही तक्रार घेऊन आलेले मात्र अगदी मोजके होते.

यावरून पौर्वात्यांना मनाची भाषा अवगत नाही, म्हणून ते शरीराने बोलतात, असा निष्कर्ष काढणे सोपे होते आणि पाश्चात्त्य मनोविकारशास्त्रात तो बराच काळ काढलाही गेला. पण या निदानाची वंशावळ पाहिली की तो डळमळू लागतो. नसांची दुर्बलता मुळात चिनी नव्हेच. न्यूयॉर्कच्या जॉर्ज बिअर्ड यांनी १८६९ साली 'न्यूरॅस्थेनिया' ही संज्ञा रूढ केली. पुढे १८८१ च्या ग्रंथात त्यांनी वाफेची शक्ती, तारायंत्र, नियतकालिके, विज्ञाने आणि स्त्रियांचा बौद्धिक व्यवहार ही तिची कारणे सांगितली. म्हणजे हा प्रगत अमेरिकेचा, जवळजवळ मिरवण्याजोगा आजार! बॉस्टनचा सुशिक्षित गृहस्थही तेव्हा मनाऐवजी नसांविषयीच बोलत होता.

हा आजार जपानमार्गे चीनमध्ये आला, आणि तिथे त्याला शब्द आयता मिळाला. १७७४ साली सुगिता गेम्पाकू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डच शरीररचनाशास्त्राचा ग्रंथ भाषांतरित करताना 'नस' या अर्थी नवा जोडशब्द घडवला होता. त्यातले पहिले अक्षर चैतन्याचे, दुसरे पारंपरिक वैद्यकातील देहवाहिन्यांचे. शरीर आणि मन यांची फाळणी त्या शब्दात झालेलीच नाही. (आपण तरी 'पोटात गोळा आला' म्हणताना पोटाविषयी बोलतो की भीतीविषयी?)

परंतु सगळा भार भाषेवर टाकणेही बरोबर नाही. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, १९६६ ते १९७६, मानसशास्त्र बूर्ज्वा ठरवून मोडीत काढले गेले होते. नव्या समाजात निराश असणे म्हणजे त्या समाजाविषयी मत व्यक्त करणे. थकलेल्या नसांवर असा आरोप ठेवता येत नाही. क्लाइनमन यांच्या रुग्णांत ही वर्षे भोगलेले, कुटुंबापासून तुटलेले, नकोशा नोकरीत अडकलेले लोक होते. विचारल्यावर त्यांतले अनेक जण दुःखाविषयी बोललेही. त्यांच्यापाशी शब्द होते. ते आपणहून उच्चारणे जोखमीचे होते.

नैराश्यावरील औषधांनी बहुतेकांची लक्षणे कमी झाली. मात्र नोकरीतला किंवा घरातला पेच कायम होता तिथे 'आपण आजारी आहोत' ही भावना सहसा गेली नाही. क्लाइनमन यांच्या वृत्तान्तातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हाच. '८७' हा आकडा नेहमी उद्धृत होतो, हा भाग क्वचित.

आणखी एक योगायोग. क्लाइनमन यांनी वापरलेली अमेरिकन निदान-नियमावलीची तिसरी आवृत्ती त्याच १९८० सालची. आणि न्यूरॅस्थेनिया हे अमेरिकेतच जन्मलेले निदान तिने यादीतून काढून टाकले होते.