ग्लूटेनमुक्त गोड पदार्थ : तांदळाच्या रायपुरात खरी कसोटी गिरणीची

रायपूर : पोरा आणि तीजा हे सण जवळ आले की छत्तीसगडमधील घरांत ठेठरी आणि खुरमी तळली जाते. ठेठरी बेसनाची आणि तिखट-मिठाची, तर खुरमी गव्हाच्या पिठाची आणि गुळाची. दोन्ही एकाच ताटात वाढल्या जातात. मात्र सीलिॲक हा आजार असलेल्या मुलासाठी त्यांपैकी एक चालणारी आहे आणि दुसरी वर्ज्य. दोन्ही एकाच कढईत तळल्या गेल्या असतील, तर दोन्ही वर्ज्य.

गहू, जव आणि राय या धान्यांतील विशिष्ट प्रथिनांच्या समूहास ग्लूटेन म्हणतात. कणीक मळल्यावर तिला जो ताण येतो आणि पाव फुगल्यावर जो आकार टिकतो, तो या प्रथिनामुळे. सीलिॲक आजारात ग्लूटेन पोटात गेल्यावर शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते. अन्नरस शोषला जात नाही. मुलांची वाढ खुंटते, रक्तक्षय होतो, जुलाब लागतात. काहींच्या बाबतीत पोटाची कोणतीच तक्रार नसते आणि केवळ न हटणारा अशक्तपणा दिसतो. या आजाराचा गव्हाशी असलेला संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी उलगडला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नेदरलँड्समध्ये पावाचा तुटवडा पडला असता त्यांचे बालरुग्ण सुधारू लागले आणि पाव पुन्हा मिळू लागल्यावर बिघडले. १९५० मध्ये त्यांनी यावरील प्रबंध सादर केला. त्यानंतरच्या काळात अनेक औषधांवर काम झाले असले, तरी रुग्णांसाठी आजही मुख्य उपचार आहारातून ग्लूटेन पूर्णपणे आणि आयुष्यभर वगळणे हाच आहे.

येथे एक सूचना आधीच द्यायला हवी. संशय आला म्हणून घरच्या घरी गहू बंद करून पाहणे चुकीचे ठरते. रक्ततपासणी आणि आतड्याच्या तुकड्याची तपासणी या दोन्हींचे निष्कर्ष रुग्ण गहू खात असतानाच विश्वसनीय येतात. निदान आधी आणि पथ्य नंतर, हाच क्रम आहे. ज्यांना हा आजार किंवा गव्हाची ॲलर्जी नाही, त्यांच्यासाठी तांदळाची मिठाई गव्हाच्या मिठाईपेक्षा आपोआप आरोग्यदायी ठरत नाही. साखर आणि तूप दोन्हींत सारखेच असते.

किती ग्लूटेन अपायकारक, याचे उत्तर गृहिणीला चक्रावून टाकणारे आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार ‘ग्लूटेनमुक्त’ असा उल्लेख करण्यासाठी पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये. आंतरराष्ट्रीय मानकही हेच आहे. गव्हाच्या १ ग्रॅम पिठात ढोबळमानाने ८० मिलिग्रॅम ग्लूटेन धरले, तर १ किलो तांदळाच्या पिठात केवळ पाव ग्रॅम कणीक मिसळली तरी मर्यादा गाठली जाते. पाव ग्रॅम म्हणजे एक चिमूटही भरत नाही.

ही चिमूट कोठून येते, याचा विचार छत्तीसगडमध्ये विशेष आवश्यक आहे. ‘धान का कटोरा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रदेशाचे मुख्य अन्न तांदूळ आहे आणि तांदळात ग्लूटेन नाही. शिजल्यावर चिकट होणाऱ्या तांदळाबद्दल अनेकांना शंका असते, परंतु तो चिकटपणा स्टार्चचा असतो. त्याचा ग्लूटेनशी संबंध नाही. रायपूर येथील इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे धानाच्या सुमारे २३ हजार वाणांचा संग्रह असून त्याचा पाया भातशास्त्रज्ञ डॉ. आर. एच. रिछारिया यांनी गावोगाव फिरून घातला होता. सरगुजाच्या जीराफूल तांदळाला २०१९ मध्ये, तर नगरीच्या दुबराजला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशा प्रदेशाची मिठाई तांदळाची असावी, यात नवल नाही. अइरसा, देहरौरी, दूधफरा ही नावे येथील सणांशी जोडलेली आहेत. महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारात २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘गढकलेवा’ या केंद्रामुळे ती शहराच्या नव्या पिढीलाही परिचित झाली आहेत.

ग्लूटेनमुक्त पाककृतींच्या आजच्या चर्चेत झँथन गमसारख्या परदेशी घटकांचा बराच बोलबाला असतो. वस्तुतः ग्लूटेनविना पीठ बांधून कसे ठेवावे, या प्रश्नाची उत्तरे येथील स्वयंपाकघरांनी फार पूर्वी शोधली आहेत.

पहिले उत्तर उकडीचे. उकळत्या पाण्यात तांदळाचे पीठ घातले की त्यातील स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि पिठाला मऊ बंध येतो. कोकणातील मोदकाची उकड हीच, आणि छत्तीसगडमधील चौसेल्याच्या पुरीचे गरम पाण्यात मळलेले पीठही हेच. दूधफऱ्यासाठी अशा पिठाच्या बोटाएवढ्या वळ्या करून त्या उकळत्या, गोड दुधात शिजवतात. वळ्यांतून सुटलेल्या स्टार्चमुळे दूध आपोआप दाट होते. वेगळे काही घालावे लागत नाही.

दुसरे उत्तर गुळाचे. मराठी घरांतील अनारसा आणि छत्तीसगडचा अइरसा हे नावाने आणि गुणाने सख्खे आहेत. अनारशासाठी जुने तांदूळ तीन दिवस भिजवतात आणि पाणी रोज बदलतात. चौथ्या दिवशी ते उपसून कापडावर पसरतात आणि पूर्ण सुकण्यापूर्वी, हाताला दमट लागत असतानाच दळतात. चार वाट्या पिठाला तीन वाट्या किसलेला गूळ मिसळून गोळे डब्यात चार-पाच दिवस मुरू देतात. गूळ पिठातील ओल ओढून घेतो, मिश्रण सैलसर आणि एकजीव होते. खसखशीवर थापलेला अनारसा खसखस वर ठेवून तुपात सोडावा, उलटू नये, झाऱ्याने वरून तूप उडवत राहावे. तो कढईत पसरून विरघळू लागला, म्हणजे ‘हसला’, तर ओल किंवा गूळ जास्त झाला असे समजावे आणि गोळ्यात थोडे कोरडे तांदळाचे पीठ मळून पुन्हा काही तास ठेवावे. अइरशाची रीत थोडी निराळी आहे. त्यात दमट पीठ गुळाच्या गरम पाकात मिसळतात, त्यामुळे तो लवकर तयार होतो.

तिसरे उत्तर आंबवण्याचे. देहरौरीसाठी भिजवलेले तांदूळ रवाळ वाटतात, त्यात दही घालून रात्रभर झाकून ठेवतात आणि सकाळी लहान वड्या तुपात तळून पाकात सोडतात. आंबल्यामुळे पिठात हवेची पोकळी निर्माण होते आणि पाक आतपर्यंत पोहोचतो. गुलाबजाममध्ये बांधण्यासाठी बहुधा मैदा घालतात. ज्यांना तो चालत नाही, त्यांच्यासाठी देहरौरी हा पर्याय तडजोड वाटू नये इतका चांगला आहे.

हे सर्व पदार्थ पाककृतीनुसार ग्लूटेनमुक्त आहेत; प्रत्यक्षात ते तसे राहतीलच असे नाही. वस्तीतील पिठाच्या गिरणीत त्याच जात्यावर सकाळी गहू, दुपारी तांदूळ आणि संध्याकाळी हरभरा डाळ दळली जाते. आधीच्या दळणाचे पीठ जात्याच्या पाळीत आणि पीठ पडण्याच्या कापडी नळीत उरते. आधी मूठभर तांदूळ घालून जाते ‘साफ’ करण्याची प्रथा रोजच्या भाकरीसाठी पुरेशी असेल, पण वर सांगितलेल्या पाव ग्रॅमच्या हिशेबात ती टिकत नाही. बाजारातील सुट्या बेसनाचीही हीच स्थिती आहे. ज्या घरात सीलिॲकचा रुग्ण आहे, तेथे तांदूळ निवडून, धुऊन, सावलीत वाळवून घरच्या मिक्सरमध्ये दळणे हाच खात्रीचा मार्ग होय. अनारसा आणि देहरौरीचे तांदूळ भिजलेले असल्याने मिक्सरमध्ये सहज बारीक होतात, ही त्यातल्या त्यात सोय. मिक्सरचे भांडे मात्र गव्हासाठी वापरलेले नसावे.

घरातील दुसरी चोरवाट चाळणी आहे. तिच्या जाळीत अडकलेली कणीक धुऊनही पूर्ण निघत नाही, म्हणून चाळणी, लाकडी पोळपाट आणि लाटणे स्वतंत्र ठेवावेत. शंकरपाळे तळलेल्या तेलात अनारसे तळू नयेत. गव्हाच्या पिठाची धूळ हवेत बराच वेळ तरंगते. त्यामुळे दिवाळीच्या फराळात ग्लूटेनमुक्त पदार्थ पहिल्या दिवशी, स्वच्छ ओट्यावर करून डबाबंद करावेत आणि गव्हा-मैद्याचे पदार्थ नंतर हाती घ्यावेत. लपलेल्या ग्लूटेनची यादी मोठी आहे. बाजारातील बांधानी हिंगात गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, त्यामुळे निव्वळ बेसनाची ठेठरीही हिंगामुळे बाधू शकते. माल्ट घातलेल्या दुधाच्या पावडरींत जव असतो. सातूच्या पिठात प्रांतानुसार गहू किंवा जव आढळतो. रवा, दलिया आणि बहुतेक शेवया तर गव्हाच्याच.

भट्टीत भाजण्याच्या पदार्थांकडे वळल्यावर अडचण बदलते. केक फुगतो तो आतील वायूमुळे, आणि तो वायू धरून ठेवणारे जाळे ग्लूटेनचे असते. केवळ तांदळाच्या पिठाचा केक खाली बसतो आणि खाताना भुगा होतो. यावर मिश्र पीठ आणि एखादा बांधणारा घटक हा उपाय आहे. सात इंची भांड्यासाठी १२० ग्रॅम तांदळाचे पीठ, ६० ग्रॅम नाचणीचे पीठ आणि ४० ग्रॅम तिखुर घ्यावे. २०० ग्रॅम दही, १५० ग्रॅम बारीक गूळ, ८० ग्रॅम पातळ तूप आणि अर्धी वाटी दूध एकत्र फेटून त्यात ही पिठे, दोन लहान चमचे इसबगोल, वेलची आणि चिमूटभर मीठ मिसळावे आणि मिश्रण अर्धा तास झाकून ठेवावे. हा अर्धा तास वगळू नये. तांदळाचे पीठ पाणी सावकाश शोषते आणि घाई केल्यास केक दाताखाली कचकचतो. नंतर दीड लहान चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा घालून, १७० अंश सेल्सिअसला तापवलेल्या ओव्हनमध्ये ४० ते ४५ मिनिटे भाजावे. मिश्रण गव्हाच्या केकपेक्षा पातळ दिसते. घट्ट करण्यासाठी आणखी पीठ घालण्याचा मोह टाळावा. केक पूर्ण थंड झाल्यावरच कापावा, कारण स्टार्चचा बंध थंड होतानाच पक्का होतो.

नानकटाईला ही अडचण येत नाही, कारण तिला मुळात खुसखुशीतपणाच हवा असतो. १०० ग्रॅम बेसन, ५० ग्रॅम तांदळाचे पीठ, ७५ ग्रॅम पिठीसाखर आणि ८० ग्रॅम घट्ट तूप एकत्र मळून १६० अंशांवर साधारण २० मिनिटे भाजलेली नानकटाई मैद्याच्या नानकटाईपेक्षा सरस लागते, असे म्हणण्यास हरकत नाही.

वर उल्लेख आलेले तिखुर ही बस्तरच्या जंगलातील देणगी आहे. हळदीच्या कुळातील या वनस्पतीचे कंद खणून, किसून, अनेकदा पाण्यात धुतले जातात आणि तळाशी बसलेला पांढरा साका वाळवतात. मराठीत त्यास तवकीर म्हणतात. उपवासाच्या लापशीमुळे ती अनेक घरांत ठाऊक आहे. तिखुरची वडी करताना एक वाटी तिखुर पाण्यात भिजवून, स्थिर झाल्यावर वरचे पाणी ओतून टाकावे आणि हे दोन-तीनदा करावे. मग तीन वाट्या दूध आणि पाऊण वाटी साखरेसह मंद आचेवर सतत ढवळत, मिश्रण चकचकीत होऊन कडा सोडेपर्यंत शिजवावे आणि तूप लावलेल्या ताटात थापावे.

रायपूरच्या मराठी कुटुंबांपुढील प्रश्नाला एक ऐतिहासिक पदर आहे. नागपूरकर भोसल्यांचे बिंबाजी १७५८ मध्ये रतनपूरला आले आणि १८५४ पर्यंत छत्तीसगड नागपूरच्या राज्याशी जोडलेला राहिला. पुढेही विदर्भातून येथे येणे-जाणे चालूच राहिले, आणि १९३५ मध्ये स्थापन झालेले रायपूरचे महाराष्ट्र मंडळ आजही कार्यरत आहे. विदर्भाच्या वळणाच्या घरांत गणपतीचे मोदक बहुधा तळणीचे, कणकेच्या किंवा रव्याच्या पारीचे असतात. सत्यनारायणाचा प्रसादही रव्याचाच. घरात सीलिॲक असलेले मूल असेल तर हे दोन्ही पदार्थ बदलावे लागतात. मोदक उकडीचा करता येतो आणि त्यासाठी दुबराजसारख्या सुवासिक तांदळाचे, घरी दळलेले पीठ चांगले. प्रसादाचा शिरा तांदळाच्या घरी काढलेल्या कण्यांचा करता येतो. कण्या तुपात गुलाबी भाजून त्यांत दुप्पट ते अडीचपट उकळते दूध घालावे, वाफ आणावी आणि साखर शेवटी घालावी. आधी घातल्यास कण्या कडक राहतात. प्रसादाचा असा एकच शिरा सर्वांसाठी केल्यास त्या मुलाचा द्रोण वेगळा काढून ठेवावा लागत नाही.