सी-व्ह्यू रुग्णालयातील हर्ष

न्यूयॉर्क शहरात मोडणाऱ्या स्टॅटन आयलंड या बेटावर १९१३ साली सी-व्ह्यू नावाचे मोठे क्षयरुग्णालय उघडण्यात आले. ज्यांच्या खोल्यांत हवा नाही, उजेड नाही, अशा गोरगरीब क्षयरोग्यांना शहर तेथे पाठवीत असे. औषध असे काही नव्हतेच. मोकळी हवा, अंथरुणावरची सक्तीची विश्रांती, सकस आहार आणि छातीच्या फासळ्या काढून रोगट फुप्फुस दाबून टाकण्याची भयंकर शस्त्रक्रिया एवढेच उपाय वैद्यांच्या हाती होते. १९२९ च्या सुमारास गोऱ्या परिचारिका संसर्गाच्या भयाने नोकऱ्या सोडून जाऊ लागल्या, तेव्हा दक्षिणेकडील राज्यांतून कृष्णवर्णीय परिचारिका बोलावण्यात आल्या. इतरत्र बहुतेक रुग्णालयांची दारे त्यांना बंद होती. हे एक उघडले, कारण तेथे मरण स्वस्त होते. रुग्ण त्यांना 'काळे देवदूत' म्हणत. त्यांचा उल्लेख आम्ही आरंभीच करून ठेवतो, कारण पुढच्या हकिकतीत वैद्यांची नावे एकामागून एक येतील, त्यांची येणार नाहीत. आणि जिच्यावर पुढचे सारे उभे आहे ती गोष्ट, म्हणजे रुग्णांच्या चर्येत पडलेला फरक, वॉर्डात रात्रंदिवस वावरणाऱ्यांच्याच नजरेस प्रथम पडणारी होती.

आयसोनियाझिड हे रसायन १९१२ साली प्राग येथील दोन संशोधकांनी तयार करून ठेवले होते. ते क्षयावर चालते हे कोणाच्या ध्यानी आले नाही, आणि चाळीस वर्षे ते कागदावर पडून राहिले. मधल्या काळात किती घरे त्या रोगाने धुऊन नेली याचा हिशेब करू नये हेच बरे. १९५१-५२ मध्ये तीन औषध कंपन्यांना एकमेकींच्या नकळत त्याचा गुण सापडला. त्यांपैकी हॉफमन-ला रोश या कंपनीच्या प्रयोगशाळेत त्याचे एक भावंडही जन्मास आले. त्याचे नाव इप्रोनियाझिड. एडवर्ड रॉबिट्झेक आणि आयर्व्हिंग सेलिकॉफ या वैद्यांनी सी-व्ह्यूमधील ज्यांची आशा सोडली होती अशा रुग्णांना ही औषधे दिली. ताप उतरला, वजने वाढली, खोकला हटला. पण त्याहून निराळेही काही घडले. जी माणसे महिनोन्महिने भिंतीकडे तोंड करून निजली होती ती उठून बसली. जेवण दुसऱ्यांदा मागू लागली. हसू-बोलू लागली, एकमेकांच्या हातात हात घालून नाचू लागली. १९५२ च्या फेब्रुवारीत वृत्तपत्रांनी ही वार्ता आणि ही छायाचित्रे छापली.

मरणाच्या दारातून परतलेला माणूस नाचणार नाही तर काय करील, असे वाचकांना वाटेल. वैद्यांनाही तसेच वाटले. पण इप्रोनियाझिड घेणाऱ्यांची हुशारी आयसोनियाझिड घेणाऱ्यांहून अधिक होती, आणि काहींच्या बाबतीत ती झोप उडण्यापर्यंत, हातघाईपर्यंत जाई. म्हणून तिची नोंद दुष्परिणामांच्या रकान्यात झाली. क्षयासाठी आयसोनियाझिड राहिले, ते आजही आहे. इप्रोनियाझिड बाजूस पडले. हर्ष हा दुष्परिणाम ठरावा यात वैद्यांची चूक म्हणता येणार नाही. ते फुप्फुस पाहत होते. मन हे त्यांचे खाते नव्हते.

त्याच वर्षी शिकागो येथे आल्बर्ट झेलर या रसायनशास्त्रज्ञाला एक शोध लागला. तो समजण्यासाठी थोडे मागे, शरीराच्या आत जावे लागेल.

आपण डाळ, दूध, मासळी खातो तीतून शरीराला टायरोसिन नावाचा घटक मिळतो. विकरे, म्हणजे ज्यांना एन्झाइम म्हणतात ती कामकरी प्रथिने, त्याच्यापासून पायरीपायरीने डोपा, डोपापासून डोपामिन आणि डोपामिनपासून नॉरएड्रिनॅलिन घडवितात. अमेरिकेत या शेवटच्या पदार्थाला नॉरएपिनेफ्रिन म्हणतात, वस्तू एकच. हा क्रम १९३९ साली हर्मन ब्लाश्को यांनी मांडला. नाझी जर्मनीतून निघून इंग्लंडच्या आश्रयास आलेले ते संशोधक होते. डोपामिन हालचालीला, उत्साहाला आणि एखादी गोष्ट करावीशी वाटण्याला लागते. नॉरएड्रिनॅलिन सावधपणाला आणि रक्तदाब राखण्याला. एक मज्जातंतू या द्रव्यांच्या द्वारे दुसऱ्याला निरोप देतो. निरोप पोचला की द्रव्य आवरले गेले पाहिजे, नाहीतर एकाच निरोपाचा घोष चालू राहील. बरेचसे द्रव्य मज्जातंतू पुन्हा आत ओढून घेतो. आतल्या जादा द्रव्याचा निकाल लावणाऱ्या विकरांत प्रमुख आहे ते मोनोअमाइन ऑक्सिडेज.

वाडीतला हौद डोळ्यांपुढे आणावा. एका अंगाने रहाटाचे पाणी येते, दुसऱ्या अंगाने मोरीवाटे जाते, आणि हौदाची पातळी स्थिर राहते. पातळी वाढवावयाची तर अधिक पाणी ओतता येईल, किंवा मोरीत बोळा बसविता येईल. विकर-निरोधक हा बोळा होय. इप्रोनियाझिड मोनोअमाइन ऑक्सिडेजला रोखते आणि आयसोनियाझिड रोखत नाही, हा झेलर यांचा शोध. सी-व्ह्यूच्या रुग्णांत बाहेरून हर्ष ओतला गेला नव्हता; त्यांच्याच शरीराने घडविलेले द्रव्य वाहून जाण्याचे थांबले होते.

आता या कथेत आमची मुंबई येते. सर्पगंधेची मुळी आपल्या देशात फार पूर्वीपासून वापरात होती. बिहारकडे तिला 'पागल की दवा' म्हणत. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्याविषयी लिहिले. पण जगाचे लक्ष गेले ते मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये, वाढलेल्या रक्तदाबावर ही मुळी कशी चालते, हे पन्नास रुग्णांच्या अनुभवावरून दाखविल्यावर. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीने तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले. रेसर्पिनने रक्तदाब उतरे, क्षुब्ध मनोरुग्ण शांत होत. मात्र काही जण असे खिन्न होत की त्यांना जगणे नकोसे वाटे. मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरएड्रिनॅलिन आणि डोपामिन ज्या इवल्या कुप्यांत साठविलेले असते त्यांत ते शिरूच नये अशी तजवीज रेसर्पिन करते. उघड्यावर राहिलेले द्रव्य मग ते विकर फस्त करून टाकते. एका अमेरिकन प्रयोगशाळेत जनावरांना आधी इप्रोनियाझिड आणि नंतर रेसर्पिन दिले, तेव्हा ती मलूल होण्याऐवजी तरतरीत झाली. विकरच रोखलेले असल्याने द्रव्य फस्त करणारे कोणी उरले नव्हते.

न्यूयॉर्क राज्यातील रॉकलंड मनोरुग्णालयाचे नेथन क्लाइन यांना या प्रयोगात भविष्य दिसले. १९५७ च्या एप्रिलमध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी इप्रोनियाझिडचा विषण्ण आणि अबोल झालेल्या रुग्णांवरील अनुभव जाहीर केला; रुग्ण अवघे चोवीस होते. औषध क्षयासाठी दुकानात होतेच. वर्षभरात चार लाखांवर विषण्ण रुग्णांना ते दिले गेले असे सांगतात. त्याच १९५७ साली रेसर्पिनच्या कार्याबद्दल लास्कर पारितोषिक मिळालेल्यांत क्लाइन आणि आपले डॉ. वकील दोघेही होते. (क्लाइन यांना १९६४ साली इप्रोनियाझिडसाठी ते पुन्हा मिळाले, आणि श्रेय व रक्कम यांवरून एका सहकाऱ्याशी वर्षानुवर्षे खटला चालला. इतरांचे औदासीन्य हटविणाऱ्यांच्या वाट्याला असे दिवस यावेत!)

विषण्णतेला औषध आहे ही गोष्ट त्या काळी किती नवी होती, ते आपल्या परंपरेकडे पाहिले तरी कळते. चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रियस या तपस्व्याने माणसाला छळणाऱ्या आठ दुष्ट विचारांची यादी केली. तिच्यात खिन्नता आणि अकेडिया, म्हणजे कशातच मन न लागणे, ही दोन्ही होती. भर दुपारी सूर्य जणू थिजून उभा आहे, दिवस सरत नाही, कोठडी खायला उठते, असे त्याने केलेले अकेडियाचे वर्णन आजच्या एखाद्या रुग्णाच्याही तोंडी शोभेल. पुढे मुख्य पापांच्या यादीत या दोन्ही एक झाल्या, आणि लोकांच्या बोलण्यात तिचे नाव 'आळस' एवढेच उरले. त्या वाळवंटातील साधूंना हा छळ वाटला होता. नंतरच्यांना तो दोष वाटला. आमच्या धर्मग्रामांतही पहाटे अंथरूण सोडवत नाही अशा सुनेला, दुकानाची फळी उघडवत नाही अशा मुलाला, हाच शब्द किती वेळा ऐकावा लागला असेल! प्रार्थनेचे बळ आम्ही नाकारीत नाही. पण क्षयाचा ताप असलेल्याला कोणी आळशी म्हणत नाही, आणि सी-व्ह्यूमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच बाटलीतल्या गोळ्यांनी हलल्या होत्या.

येथे एक सावधगिरी मात्र हवी. डोपामिन-नॉरएड्रिनॅलिन कमी झाले की माणूस विषण्ण होतो आणि वाढले की आनंदी, इतके हे गणित सरळ नाही. विकर थोड्या दिवसांत रोखले जाते, मन मात्र सुधारू लागते दोन-तीन आठवड्यांनी. मधल्या काळात मेंदूत जे घडते त्याचा उलगडा अद्याप पुरता झालेला नाही. शिवाय विकर न रोखणाऱ्या आयसोनियाझिडनेही काही विषण्ण रुग्ण सुधारल्याचे सिनसिनाटीच्या वैद्यांनी नोंदविले होते. हौदाची उपमा त्यापुढे तोकडी पडते.

आणि मोरी बंद केली की नको तेही तुंबते. इप्रोनियाझिड घेणाऱ्या काहींना कावीळ झाली, काही यकृत निकामी होऊन दगावले. १९६१ साली अमेरिकेत ते मागे घेण्यात आले. त्याची जागा घेणाऱ्या नव्या गोळ्यांत ट्रॅनिलसिप्रोमिन ही एक होती. ती घेणाऱ्या काही रुग्णांचे डोके एकाएकी फुटेल असे दुखे, रक्तदाब भडके. काहींच्या मेंदूत रक्तस्राव झाला. कारण कोणास उमजेना. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातील बॅरी ब्लॅकवेल या तरुण वैद्याने यावर लिहिले, तेव्हा नॉटिंगहॅमहून एका औषधविक्रेत्याचे पत्र आले: माझ्या पत्नीला चीज खाल्ल्यावर असेच होते, त्यातल्या एखाद्या घटकाचा हा परिणाम असेल काय? जाणत्यांनी ही कल्पना हसण्यावारी नेली. ब्लॅकवेल यांनी स्वतः गोळ्या घेऊन वर चीज खाऊन पाहिले. काही झाले नाही. पण रुग्ण एकामागून एक येत गेले, विचारपूस केली की जेवणात चीज निघे, आणि १९६३ साली हे प्रकरण लॅन्सेटमध्ये छापून आले.

मुरलेल्या चीजमध्ये टायरामिन असते. एरवी आतडे आणि यकृत यांतील तेच विकर त्याचा निकाल लावते. विकर बंद असेल तर ते रक्तात उतरते, मज्जातंतूंच्या कुप्यांतले नॉरएड्रिनॅलिन एकदम बाहेर लोटते आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात. नवल असे की हे उत्तर पस्तीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले होते. १९२८ साली केंब्रिज येथे मेरी हेअर या संशोधिकेला हे विकर यकृतात प्रथम सापडले, तेव्हा तिने त्याचे नावच 'टायरामिन ऑक्सिडेज' ठेवले होते. आणि 'टायरॉस' या ग्रीक शब्दाचा अर्थ चीज! मेरीचा निबंध वाचलेले अनेक होते. स्वयंपाकघराची आठवण मात्र एका नवऱ्यालाच झाली. आपल्याकडचे ताजे पनीर या यादीत येत नाही. पण मुरवलेले, आंबवलेले, नीट न ठेवलेले मांस व मासळी येते, आणि गोव्याच्या चोरिसाचे चाहते आमच्या वाचकांत थोडे नाहीत. या जातीच्या बहुतेक गोळ्या विकराला कायमचेच निकामी करतात. शरीराला नवे घडवावयास सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून गोळ्या थांबविल्यावरही तितके दिवस पथ्य पाळावे लागते.

या भयामुळे ही औषधे मानसोपचारात मागे पडली. कंपवातात मात्र विकर-निरोधकांनी निराळी सेवा केली. स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी १९५७ साली रेसर्पिन देऊन निपचित केलेल्या प्राण्यांना डोपा देताच ते हालू-चालू लागले. २००० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन घटलेले असते हे १९६० साली व्हिएन्नात सिद्ध झाले. खुद्द डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, म्हणून डोपा द्यावा लागतो. (खाजकुइलीच्या बियांत तो असतो हे दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ साली दाखविले होते.) पण दिलेल्या डोपाचा बराचसा भाग मेंदूपर्यंत पोचण्याआधी शरीरातच डोपामिन होऊन बसे आणि रुग्ण ओकाऱ्यांनी हैराण होई. तेव्हा ही वाटेतली पायरी रोखणारे, स्वतः मेंदूत न शिरणारे कार्बिडोपा जोडीस दिले गेले आणि डोपाची मात्रा सुमारे पाऊणपटीने कमी झाली. कंपवात झालेल्या आपल्या वडीलधाऱ्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावर ही दोन नावे शेजारी-शेजारी दिसतील.

क्षयरोगाशी या विकराचे नाते संपलेले नाही. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर चार औषधांच्या नव्या उपचाराला भारत सरकारने २०२४ साली मान्यता दिली. त्यातले एक लिनेझोलिड. ज्या कुळातून ते आले त्या कुळाचा अभ्यास एके काळी मोनोअमाइन ऑक्सिडेज रोखण्यासाठीच झाला होता, आणि त्या कुळाची खूण त्याच्यात अद्याप आहे: तेही या विकराला काहीसे रोखते, जरी सौम्यपणे आणि तात्पुरते. म्हणून ज्या घरात कोणी लिनेझोलिड घेत असेल आणि त्यालाच विषण्णतेच्या गोळ्याही चालू असतील, त्या घराने कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद न करता, दोन्ही चिठ्ठ्या एकाच डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. पुष्कळदा क्षयाची चिठ्ठी उघड्यावर असते आणि दुसरी कपाटात, कपड्यांच्या खाली.