अलिफ लैलाचे नगरभवन

सातवीच्या वर्गात मी एकदा एका इमारतीचे चित्र दाखवले. घुमट, मिनार, घोड्याच्या नालेसारख्या कमानी. मुले एका सुरात म्हणाली, "सर, मस्जिद!" वस्तुतः ते अमेरिकेतील एका छोट्या गावाचे नगरभवन होते.

फ्लोरिडा राज्यात, मायामी शहरालगत, ओपा-लोका हे गाव आहे. विमानविद्येतील अग्रणी ग्लेन कर्टिस यांनी ते वसवले. १९२६ साली त्याला नगराचा दर्जा मिळाला. ही इमारतही त्याच वर्षीची. आधी कर्टिस यांच्या कंपनीची कचेरी, पुढे नगरभवन. वास्तुविशारद बर्नहार्ट म्युलर यांनी सारे गावच 'अलिफ लैला'वर बेतले. रस्त्यांना अलीबाबा, शहरजाद अशी नावे दिली. नगरभवनासाठी त्यांनी बोलक्या पक्ष्याच्या गोष्टीतील खुसरौशाहचा महाल डोळ्यांपुढे ठेवला.

गंमत अशी की, ही गोष्ट आणि अलीबाबाची गोष्टही मूळ अरबी हस्तलिखितांत नाही. १७०९ साली हलबच्या हन्ना दियाब या ख्रिस्ती तरुणाने पॅरिसमध्ये त्या आंत्वान गालां या फ्रेंच अनुवादकाला सांगितल्या. म्हणजे ज्याला आपण 'इस्लामी' म्हणतो, ती एका पाश्चात्त्य पुस्तकातून उतरलेली कल्पना होती.

मस्जिदीत प्रत्येक भागाला काम असते. मिनार अजानसाठी, सहनातला हौद वजूसाठी, मेहराब किब्ला दाखवण्यासाठी. इथल्या मिनारांना असे कोणतेच काम नव्हते. ते जमिनीचे तुकडे विकण्यासाठी होते. जानेवारी १९२७ मध्ये पहिली रेल्वे आली, तेव्हा गावकरी अरबी पोशाख चढवून स्वागताला गेले. पण त्याच काळात, १९१७ आणि १९२४ च्या कायद्यांनी, हिंदुस्थानासह आशियातील बहुतेक लोकांना अमेरिकेचे दार बंद झाले होते. आमचा घुमट हवा होता, आम्ही नको होतो!

तरीही मला या इमारतीचा राग येत नाही. सप्टेंबर १९२६ च्या भीषण चक्रीवादळानंतर कर्टिस यांचे स्वप्न विरले. इमारत मात्र टिकली. पुढे गावात कृष्णवर्णीयांची बहुसंख्या झाली. कधीकाळी ज्यांचा विचारही झाला नव्हता, त्यांच्या नगराचा कारभार याच घुमटाखाली चालला. १९८७ साली देशाच्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत तिची नोंद झाली.

मुलांना मी इतकेच सांगितले: घुमट पाहून इमारतीचा मजहब ठरवू नका. तिच्या आत कोणाला जागा मिळते, ते विचारा. हा प्रश्न आपल्या मस्जिदींनाही विचारता येतो.