दिवा कोणाचा आणि रात्र कोणाची?



व्याख्यानाचा विषय दिवा आहे हे वाचून काहींना नवल वाटले असेल. कामगारांच्या सभांतून बोलणाऱ्या माणसाने मजुरीवर बोलावे, बोनसवर बोलावे. रस्त्यावरचा दिवा आणि आकाशातील तारे यांच्या भानगडीत त्याने का पडावे? परंतु दिव्याचा इतिहास हा पुष्कळ अंशी श्रमाचाच इतिहास आहे. तो नीट पाहिला म्हणजे, आपल्या अंगणात शिरून तारे पुसून टाकणाऱ्या दिव्याचे काय करावे, याचे उत्तरही त्यातच सापडते.

मुंबईच्या रस्त्यांवर तेलाचे दिवे लागले ते १८४३ साली, गॅसचे १८६५ साली. १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केट विजेने उजळले. लोकांनी या प्रत्येक दिव्याचे कौतुक केले, आणि ते योग्यच होते. पण हाच विजेचा दिवा गिरणीत शिरला तेव्हा काय झाले? तोवर गिरणीचा दिवस सूर्याच्या हाती होता. उजाडले की भोंगा आणि मावळले की सुट्टी. तास काही थोडे नव्हते. परंतु सूर्य मावळल्यावर मालकाचाही नाइलाज होत असे. विजेने तो नाइलाज संपविला. कापडाला भाव चढला तशी अनेक गिरण्यांत माणसे चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तास राबू लागली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी खटपट करून १० जून १८९० पासून गिरणीकामगाराला रविवारची सुट्टी मिळवून दिली होती. आता दिव्याने उरलेल्या सहा दिवसांच्या संध्याकाळी गिळल्या. १९०५ साली याच प्रश्नावर गिरणगावात संप आणि दंगे झाले. सरकारने चौकशी केली, १९०८ साली कमिशनचा अहवाल आला आणि १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरणीतील प्रौढ पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणून थांबविला.

या लढ्यातून घ्यावयाचा धडा असा. गिरणीत पुन्हा अंधार करा, असे काही शेवटी ठरले नाही. ठरले ते एवढेच की दिव्याला मर्यादा हवी. दिवा कोणासाठी, कुठवर आणि किती वेळ, हे तीन प्रश्न दिवा लावणाऱ्याला विचारण्याचा हक्क, ज्याच्या डोळ्यांवर तो पडतो त्याला आहे.

आता आकाशाकडे वळू. आपल्याकडे तारे पाहणे हा पंडितांचाच छंद होता असे नाही. घड्याळ घरोघरी येण्यापूर्वी शेतकऱ्याने आणि गाडीवानाने रात्र मोजली ती आकाशावरून. म्हातारीची बाज आणि तिचे तीन चोर कुठे आले, मृग किती वर चढला, शुक्राची चांदणी उगवली की नाही, यावरून बैल जुंपण्याची वेळ ठरे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी ‘ज्योतिर्विलास’ लिहिले तेव्हा त्याला ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे दुसरे नाव दिले. ही मौज फुकट होती आणि सर्वांची होती. मजुराच्या पोराला आणि मालकाच्या पोराला एकच आकाश मिळत असे. दुसरे असे फारसे काही दोघांना सारखे मिळत नव्हते.

१८८८ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी वेधशाळा उभी केली. ती होती ऐन पुणे शहरात. १९१२ साली ती बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला गेली. त्यात दिव्यांचा दोष नव्हता. पण पुढे पुण्याच्याच ‘आयुका’ या संस्थेने दोन मीटर व्यासाची दुर्बीण बसवावयाचे ठरविले तेव्हा ती बसली गिरवली येथे, शहरापासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर. २००६ साली तिचे उद्घाटन झाले. सव्वाशे वर्षांच्या आत दुर्बिणीला गाव सोडून डोंगरावर जावे लागले. विद्वानांची दुर्बीण डोंगरावर जाऊ शकते. आपण आपले अंगण घेऊन कुठे जाणार?

दिवा आकाश कसे नासवतो, तेही समजून घेतले पाहिजे. एक तर तो सरळ डोळ्यांत जातो. अंधाराला डोळा पुरता सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. ती सारी तयारी एका झगमगाटाने फुकट जाते. दुसरे असे की वर आणि आडवा फेकलेला उजेड हवेतील कणांवर आणि धुळीवर आपटून विखुरतो आणि साऱ्या गावावर फिकट पडदा पसरतो. निळसर उजेड अधिक विखुरतो. निळा एलईडी साधला त्यापाठोपाठ पांढरा दिवा स्वस्त झाला, आणि त्या शोधाला २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विजेची बचत खरोखरच झाली. पण जे स्वस्त होते ते माणूस उधळतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरच्या सामान्य नागरिकांनी केलेल्या ५१ हजारांहून अधिक निरीक्षणांवरून असे दिसले की, २०११ ते २०२२ या काळात आकाशाची उजळी सरासरीने दरवर्षी सुमारे दहा टक्क्यांनी वाढली. याचा अर्थ, जन्माच्या वेळी ज्या ठिकाणी अडीचशे तारे दिसत होते, तेथे मूल अठरा वर्षांचे होईतो शंभरच उरतात.

यावर उपाय नाही असे मात्र नाही. अमेरिकेतील फ्लॅगस्टाफ या गावाने १९५८ सालीच जाहिरातीच्या झोतदिव्यांवर बंदी घातली. एवढ्या लांब कशाला, आपल्या विदर्भातच पाहा. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून जमिनीकडे तोंड केलेले दिवे बसविण्यात आले. पैसा जिल्हा नियोजनातून आला. तेथे कोणाला अंधारात ढकलले नाही. उजेड जिथे पाय पडतो तिथे आणून ठेवला.

आता ढाणकीचे पाहू. आपल्या उमरखेड तालुक्यात पैनगंगा अभयारण्य आहे. अंधार ही इथली अजून शिल्लक असलेली संपत्ती आहे. अशा मुलखात एखाद्याच्या गोदामावरचा, लॉनवरचा किंवा चौकातल्या हायमास्टचा झोत शेजारच्या गच्चीवर पडत असेल तर काय करावे? दगड मारून दिवा फोडू नये. संघटनेत आम्ही जे करतो तेच करावे. प्रथम दिवा कोणाचा ते नक्की करावे. खाजगी असेल तर मालकाला रात्री आपल्या अंगणात बोलवावे, चहा पाजावा आणि त्याचा दिवा आपल्याकडून कसा दिसतो ते त्यालाच दाखवावे. बहुतेक माणसे दुष्ट नसतात. त्यांनी आपला दिवा दुसऱ्याच्या बाजूने कधी पाहिलेलाच नसतो. मग मागणी नेमकी ठेवावी: दिव्यावर टोपी घाला, तोंड खाली करा, पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवा लावा, काम संपले की बंद होईल असे करा. यातील एकही मागणी मालकाचे नुकसान करीत नाही. उलट त्याचे बिल वाचते. खांब सार्वजनिक असेल तर नगरपंचायतीकडे हीच मागणी पाच-पंचवीस सह्यांनी लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. गोंगाटासाठी २००० सालचे नियम आहेत, उजेडासाठी देशात तसा स्वतंत्र कायदा नाही. तरी सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ ने दिला आहे. पण संप जसा शेवटचा, तसे हे हत्यारही शेवटचेच.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. कोणी विचारील, रात्रपाळीहून परतणाऱ्या बाईला, रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला उजेड नको काय? हवा, निश्चित हवा. पण साप पायाखाली असतो, आकाशात नसतो. डोळे दिपविणारा झोत शेजारची सावली अधिकच काळी करतो, आणि धोका त्या सावलीतच उभा असतो. शिवाय गावोगाव दिसते ते असे की चौकात गरजेच्या दसपट उजेड आणि मजुरांच्या वस्तीत खांबही नाही. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की ताऱ्यांच्या हौशी मंडळींनी एकट्याने अर्ज करू नये. त्याच कागदावर अंधाऱ्या वस्तीसाठी दिव्याची मागणी पहिली लिहावी आणि चौकातल्या दिव्याला टोपी घालण्याची दुसरी. आणि तिसऱ्या ओळीत, खांबावर चढून हे काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला सुरक्षेचा पट्टा आणि पुरी मजुरी द्यावी, हेही लिहावे. असा अर्ज फेटाळणे कोणत्याही सभेला जड जाईल, कारण त्यावर तारे पाहणाऱ्याची सही असेल, तशीच वस्तीतल्या बाईची आणि तारमजुराचीही असेल.